शांतवनची लय

डावा हात गरम मेणात बुडवून प्रशांत सरवदे बसला होता, तेव्हा पलीकडच्या स्टुलावर ठेवलेल्या मोबाइलमधून ते गाणं सुरू झालं. गोडोलीतल्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सकाळी फारसं कुणी नसायचं, म्हणून तो हीच वेळ मागून घ्यायचा. साताऱ्यात त्याला ओळखणारी माणसं पुष्कळ होती. लग्नात, गॅदरिंगात, हॉटेलात कुठं ना कुठं त्याला ड्रमवर बसलेला पाहिलेली. त्यातल्या कुणी 'सर, इकडं कुठं?' म्हणून विचारलंच तर खांदा दुखतोय म्हणायचं, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. खांदा कुणाचाही दुखतो. हात मेणात बुडवायचा, काढायचा, वरचं मेण गोठलं की पुन्हा बुडवायचा, असं करता करता हातावर पांढरा जाड मोजा चढायचा, आणि त्याच्या आतली बोटं दुसऱ्या कुणाची तरी, आपल्याकडं सांभाळायला दिल्यासारखी वाटायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर मेणाशिवायही तशीच वाटत होती, गेली दोनेक वर्षं. मेणाचं भांडं सांभाळणाऱ्या मावशी वाईच्या, ख्रिस्ती. काम करता करता बारीक आवाजात भक्तिगीतं लावायच्या. गाणं ओंजळीचं होतं. सांगलीच्या चर्चमधल्या शांतवन गायकवाडनं, प्रशांतच्या कॉलेजपासूनच्या दोस्तानं, ऐन तारुण्यात चाल लावलेलं, त्याच्या पास्टर वडिलांनी लिहिलेलं. 'रिकामी ओंजळ घेऊन आलो' ही ओळ आली की चर्चमधली म्हातारी माणसंसुद्धा न सांगता उभी राहायची. ते गाणं कॅसेटवर आलं तेव्हा त्यात ड्रम प्रशांतनं वाजवले होते. त्याचा उजवा हात आपोआप मांडीवर चालू लागला, आणि ओठांतल्या ओठांत ती ओळही एका श्वासात म्हणून झाली. क्षणभर त्याला बरं वाटलं. इथं, या औषधी वासाच्या खोलीत, आपलाच चोविशीतला हात आपल्याला भेटायला आला, असं काहीतरी. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज फार स्वच्छ आहे. त्या कॅसेटमध्ये स्नेअर ड्रमच्या मागं पंख्याची घरघर होती. इथं मागं काहीच नव्हतं.

"मावशी, हे कुठलं?"

"नवीन आलंय की सर. गाणं जुनंच, पण परत केलंय समदं. सांगलीच्या गायकवाडांचं. लय भारी झालंय. आमच्या वाईत परवा प्रार्थनेला हेच लावलं."

दुसऱ्या ओळीच्या आधी एक मात्रा येते, ती प्रशांतनं त्या वेळी मोकळी सोडली होती. सगळी वाद्यं चालू असताना ड्रम एकदम गप्प होतो आणि गाणाऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. नव्या गाण्यातही ती मात्रा मोकळी होती. पण मोकळेपणाच्या अगदी शेवटी हाय-हॅटची, पायानं उघडमीट होणाऱ्या त्या दोन थाळ्यांची, पाती किंचित उघडून मिटल्याचा आवाज होता, दाराची कडी हळूच सोडल्यासारखा. तो आवाज कॅसेटमध्ये नव्हता. तो त्याला पुढं पुष्कळ वर्षांनी सापडला होता, आणि त्यानं तो जगात एकाच माणसाला शिकवला होता. मावशी म्हणाल्या, "सर, हात हलवू नका, मेण फुटंल." त्यानं खाली पाहिलं. मेण फुटलंच होतं.

तो एक माणूस म्हणजे संयोगिता, रहिमतपूरची. घरचा ऊस, आजोबा आणि काका फौजेतले, आणि पोरगी पाचगणीला बोर्डिंगमध्ये घातलेली. प्रशांत तिथं संगीत शिकवायचा; म्हणजे शाळेच्या कागदावर संगीत, प्रत्यक्षात ड्रम, आणि ज्या मुलांना ताल कळत नाही त्यांना टाळ्या. ती आठवीत असताना पहिल्यांदा ड्रमच्या खोलीत आली आणि बसायच्या आधी तिनं विचारलं होतं, "सर, सगळ्यात अवघड काय असतं?" इतर मुलं सगळ्यात जोरात काय असतं ते विचारायची. त्यानं तिला वर्षभर सरावाच्या रबरी पॅडवर ठेवलं. बाहेर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर धुकं उतरायचं, खोलीच्या काचा पांढऱ्या व्हायच्या, आणि आत दोघांच्या स्टिकचा टपटप एकच आवाज चालायचा, इतका एक की कधीकधी तो मुद्दाम थांबून बघायचा, की आपण थांबलो हे ऐकू येतं का. यायचं नाही. गॉस्पेल वाजवताना माणसांना उभं करायचं असतं आणि जॅझ वाजवताना त्यांना बसल्या जागी अस्वस्थ करायचं असतं, असं काहीबाही तो तिला सांगायचा. पुण्याच्या हॉटेलात सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या गोवेकरानं त्याला स्टिकऐवजी तारांचा ब्रश धरायला शिकवलं होतं, ते त्यानं तिला शिकवलं. तीन वर्षं जहाजावर वाजवताना, डेक हलत असताना लय कशी पोटात धरायची, तेही शिकवलं, खुर्चीला लाथा मारून. आणि एका दुपारी ती मोकळी मात्रा. "जागा सोडायची. पण असं सोडायचं की पुढच्याला आत यावंसं वाटलं पाहिजे," असं म्हणून त्यानं डाव्या पायानं हाय-हॅट जरासा उघडून दाखवला होता. तिनंही पाय ठेवून दोनदा तसं करून पाहिलं होतं. मग म्हणाली होती, "हे मी कुणाला नाही दाखवणार, सर." तिला त्यानं तसं सांगितलं नव्हतं. पण ऐकून त्याला बरं वाटलं होतं, आणि आता दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून मेणाचे कपचे नखांतून काढताना तेच त्याला आठवत राहिलं.

त्यानं फोन लावला. ती पुण्यात असायची, स्टुडिओत, कार्यक्रमांत, नाव होऊ लागलेलं. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"सर! बोला ना."

"ओंजळ ऐकलं."

"ऐकलंत? कसं वाटलं?" तिच्या आवाजात भीती नव्हती. निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीसारखी नुसती उत्सुकता होती, आणि त्यामुळं तो गोंधळला. भीतीला द्यायचं उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं.

"तू मला सांगितलं नाहीस."

"म्हणजे? सर, तुम्हीच तर... शांतवन अंकल म्हणाले, तुम्हीच माझं नाव सुचवलंत. तुमच्या हाताचं झाल्यामुळं. आणि म्हणाले, हाताचा विषय सरांजवळ काढू नकोस, त्यांना त्रास होतो. म्हणून मी फोन केला नाही. मला वाटलं, ऐकून तुम्हीच कराल." ती थांबली. पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, तिनं उत्तर दिलं नाही. "शाळेचंही तुम्हीच सुचवलंत ना, सर? दिवाळीनंतर प्रॅक्टिकलला मी यायचं ते? प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, गायकवाड सर बोलले आहेत. सर? तुम्हाला माहीत नव्हतं का?"

जूनमध्ये प्रिन्सिपलबाईंनी त्याला बोलावून चहा दिला होता, आणि म्हणाल्या होत्या की एवढा अनुभव असलेल्या माणसानं आता थिअरी घ्यावी, प्रॅक्टिकलला कुणीतरी तरुण बघू. 'अनुभव' हा शब्द त्यांनी फार सांभाळून उच्चारला होता. त्याला वाटलं होतं वयाचं असेल. अठ्ठावन्न. शाळेच्या नाताळच्या गाण्यांना शांतवन दर वर्षी यायचा आणि बाईंशी त्याची ओळख होती, हे तेव्हा त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "चांगलं वाजवलंयस." आणि तिनं आणखी काही विचारायच्या आत त्यानं फोन बंद केला. खोटं बोलल्याचं त्याला काही वाटलं नाही. तिला काही कळू द्यायचं नाही एवढंच सुचलं, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की शांतवननंही नेमकं हेच केलं होतं: त्याला काही कळू दिलं नव्हतं.

हाताचं एका माणसाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी, सांगलीत रविवारची उपासना आटोपून दोघं आयर्विन पुलावर जाऊन उभे राहिले होते, कॉलेजच्या दिवसांत राहायचे तसे. खाली कृष्णा संथ होती. आदल्या आठवड्यात घरी सराव करताना डाव्या हातातली स्टिक सुटून कपाटाखाली गेली होती, आणि ती काढायला वाकलेला असताना प्रशांतला उठावंसंच वाटेना, हे त्यानं शांतवनला सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं. शांतवननं त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता डोळे मिटून प्रार्थना केली होती. प्रशांत बौद्ध. चाळीस वर्षं चर्चमध्ये वाजवूनही त्यानं कधी हात जोडले नव्हते आणि कुणी जोडायला लावलेही नव्हते. पण त्या दिवशी त्यानं हात काढून घेतला नाही. "कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाला. "कुणाला सांगणार रे?" शांतवन म्हणाला होता. आणि पुढं जे झालं ते प्रशांतनं शांतवनलासुद्धा कधी सांगितलं नाही. साताऱ्यात पॅडवर अडखळणारा, पाचगणीला मुलांसमोर दगा देणारा तो हात सांगलीच्या चर्चमध्ये गेला की बरा व्हायचा. अगदी बरा. शांतवन ऑर्गनवर सुरुवात करायचा, समूह गायला लागायचा, आणि प्रशांतची डावी स्टिक पडायची तिथं पडायची, एकही मात्रा न चुकता. पहिल्यांदा त्याला योगायोग वाटला. पुढं पुढं तो महिन्यातून एकदा येणाऱ्या त्या रविवारची वाट बघू लागला. एकदा तर उपासनेनंतर सगळे गेल्यावर तो रिकाम्या बाकावर बसून राहिला होता, समोरच्या लाकडी क्रुसाकडं बघत. काय म्हणायचं ते माहीत नसताना काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. बाप असता आणि त्याला हे कळलं असतं तर त्यानं पोराच्या नावानं पाणी सोडलं असतं.

बाप, केरू सरवदे, खानापूरकडच्या गावातला. छप्पन्न साली विशीतला होता. तोवर गावच्या जत्रेला, मिरवणुकीला, मेलेल्याच्या पुढं हलगी वाजवायचं काम त्याच्या घराकडं होतं, आणि म्हणे असा वाजवायचा की पलीकडच्या गावची माणसं कान देऊन ओळखायची. दीक्षा घेतली आणि त्यानं हलगी आगीत टाकली. कातडं जळल्याचा वास आठ दिवस घरातून गेला नाही, असं आई सांगायची. त्यानंतर त्या माणसानं ताटावर बोटसुद्धा वाजवलं नाही. आणि त्याच्या पोटचा पोरगा सांगलीला कॉलेजात शिकायला म्हणून गेला आणि एका संध्याकाळी चर्चच्या उघड्या दारातून ड्रम ऐकून आत शिरला. केरूला कळलं तेव्हा तो सांगलीला आला, चर्चच्या फाटकाशी उभा राहिला, आत आला नाही. "आमी हातानं वाजवायचं सोडलं," तो म्हणाला, "आन् तू पायानंबी वाजवाय लागलास व्हय रं?" प्रशांत त्याला समजावत राहिला, की हे ते नव्हे, इथं कुणी बोलावणं पाठवत नाही, कुणी वरनं भाकरी टाकत नाही, माझ्या मर्जीनं वाजवतो. बापानं सगळं ऐकून घेतलं. "तुला गोड बोलून वाजवाय लावत्यात. आमाला शिव्या दिऊन लावायचे. येवढाच फरक हाय." त्यानंतर तो अठरा वर्षं जगला, नातू खेळवले, पोराच्या पाचगणीच्या नोकरीचं गावात कौतुकही सांगितलं, पण मास्तर आहे म्हणून सांगितलं, कशाचा ते कधीच नाही. कॅसेटवर प्रशांतचं नाव नव्हतं, ते त्यासाठीच. शांतवनच्या वडिलांनी, रेव्हरंड गायकवाडांनी, विचारलं, तेव्हा त्यानंच सांगितलं, नाव नको, गावात कॅसेट जाईल. आता नव्या गाण्याखाली मोबाइलवर त्यानं पाहिलं, तर 'ड्रम्स : संयोगिता' असं ठळक लिहिलेलं होतं. खाली शेकडो लोकांनी तिला शाबासकी दिली होती.

घरी येऊन त्यानं पिशवी घेतली. यशोधरा गच्चीवरून वाळवण काढत होती.

"सांगलीला जाऊन येतो."

"आज? आवं, रविवार हाय का आज?"

"काम आहे शांतवनकडं." मग, का कुणास ठाऊक, तो म्हणाला, "माझा हात, यशोधरा... डावा..."

"ठावं हाय मला," ती सूप खाली ठेवत म्हणाली. "शर्टाची वरची बटनं कोण लावतंय दोन वर्सं? तुमी सांगशिला तवा सांगशिला म्हणून गप हुते." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "जेवून तरी जावा."

तो जेवला नाही. कराडपर्यंत त्याला खिडकी मिळाली, पुढं दुसऱ्या बसमध्ये पेठनाक्यापर्यंत उभा राहिला. दांड्याला डाव्या हातानं धरलं तर बोटं हळूहळू सुटत होती, म्हणून त्यानं कोपर अडकवलं. बाहेर ऊस आणि ऊस. मध्येच एखादं दुकान, एखादी कमान, पुन्हा ऊस. यशोधराला माहीत होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही. शांतवनला त्यानं स्वतः सांगितलं, आणि शांतवननं ते पुण्याला पोचवलं, पाचगणीला पोचवलं. या दोन गोष्टी तो बसच्या हेलकाव्यात शेजारीशेजारी ठेवून बघत होता. शांतवनवर त्याला राग यायला हवा होता, पण त्याच्या जागी एक मूर्ख आठवण सारखी वर येत होती. महापुराच्या साली चर्चमध्ये पाणी शिरलं, तेव्हा शांतवन छातीभर पाण्यातून आत गेला होता आणि ड्रमचा सेट काही निघत नाही म्हटल्यावर प्रशांतच्या दोन सिंबल तेवढ्या डोक्यावर धरून बाहेर आला होता. बायको हाका मारत होती, घरात पाणी चढत होतं, आणि हा माणूस डोक्यावर पितळेच्या दोन थाळ्या घेऊन हसत होता. तो खोटा होता का? आष्ट्याच्या पुढं बस थांबली, कुणीतरी उतरलं, आणि प्रशांतला एकाएकी वाटलं, आपणही इथंच उतरावं, उसातल्या एखाद्या पाणंदीला लागावं आणि चालत राहावं. पण बस निघाली.

चर्चचं दार उघडंच होतं. दुपारी शांतवन एकटा ऑर्गनवर बसायचा, हे सांगलीत सगळ्यांना माहीत होतं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर क्षणभर काही दिसेना, फक्त सूर आले, आणि मग हळूहळू त्याचं टक्कल, चष्मा, पोक आलेले खांदे. प्रशांतला बघून त्यानं वाजवणं थांबवलं, आणि त्या थांबण्यावरूनच कळलं की संयोगितानं त्याला फोन केला आहे.

"बस," शांतवन म्हणाला. "पाणी पितोस?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू वाजवतो म्हणाला असतास."

"मग वाजवलं असतं की!"

शांतवननं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. "स्टुडिओत वाजवलं असतंस आणि चुकलं असतंस. काचेच्या पलीकडं ती पोरं बसलेली असतात रे. परत घेऊ सर, परत घेऊ सर म्हणतात. मला ते बघवलं नसतं. शाळेचंही तसंच. एक दिवस मुलांसमोर तुझ्या हातनं स्टिक पडली असती आणि मुलं हसली असती. त्यापेक्षा आधीच... आणि मी परक्याला आणली का? तुझीच पोरगी आणली. तुझंच वाजवणं तिच्या हातनं वाजलं."

"माझ्या हाताचं तू ठरवलंस."

"तुझ्यासाठी ठरवलं."

"माझा हात चालतो," प्रशांत म्हणाला. आवाज चढला होता आणि वरच्या लाकडी छतातून तो परत आला. "इथं चालतो. या चर्चात दोन वर्षांत एकदा चुकलोय मी? एकदा? सांग. तू स्वतः ऐकतोस. काचेमागच्या पोरांचं मला सांगू नको. वाजव. ओंजळच वाजव."

"राहू दे प्रशांत."

"वाजव म्हणतो ना."

तो ड्रमवर जाऊन बसला. डाव्या बोटांत स्टिक नीट बसवायला त्याला उजव्या हाताची मदत घ्यावी लागली, ती त्यानं शांतवनकडं पाठ करून घेतली. ऑर्गन सुरू झाला. दुसऱ्या फेरीला प्रशांत आत आला, आणि आला तो नेमका आला. स्टिक पडायची तिथं पडली. उजवा हात सिंबलवर चालला, पाय चालला, आणि डावा हात, साताऱ्यात मेणाच्या भांड्यात परका होऊन पडलेला तो हात, शहाण्यासारखा सगळं करू लागला. बघ, प्रशांतला ओरडावंसं वाटलं, बघ, ऐक. तो सवयीनं ओठांतल्या ओठांत गाऊ लागला, नेहमी गायचा तसा. 'रिकामी ओंजळ घेऊन आलो, दारी तुझ्या रे.' ओळीच्या मध्येच त्याचा श्वास संपला.

त्यानं पुन्हा श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. तीही पुरी होईना. ही ओळ चाळीस वर्षं तो एका श्वासात गात आला होता; गाण्यासाठी नव्हे, वाजवताना लय धरून ठेवायला. अलीकडं इथं समूहाच्या आवाजात आपला श्वास कुठं तुटतो, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आज सकाळी दवाखान्यातही, मोबाइलबरोबर, ती एका श्वासात म्हणून झाली होती. त्यानं शांतवनच्या हातांकडं पाहिलं. एकेका सुरावर ती बोटं किंचित जास्त रेंगाळत होती, पुढच्या सुराला जाण्याआधी वाट बघत होती. डोळे प्रशांतच्या डाव्या स्टिकवर होते. स्टिक वर गेली की बोटं थांबायची आणि खाली आली की पुढं सरकायची. फार सुरेख करत होता तो. माहीत नसलेल्याला जन्मात कळलं नसतं.

प्रशांतनं हात खाली घेतले. ऑर्गन आणखी दोन सूर चालला आणि थांबला.

"तू हळू वाजवतोयस."

शांतवननं बोटं पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवली.

"कवापासनं?"

इतक्या वर्षांत चर्चच्या आत प्रशांत गावच्या बोलीत बोलला नव्हता. शांतवननं मान वर केली. "पुलावर तू सांगितलंस ना," तो म्हणाला, "त्यानंतर आलास त्याच रविवारपासून."

"आन् समूह? गाणारी माणसं? त्येंनी कसं..."

"सांगितलं होतं त्यांना. सगळ्यांना. मी म्हणालो, आपण जरा सावकाश गाऊ, प्रशांतसाठी. कुणी नाही म्हणालं नाही रे. म्हाताऱ्या बायका तर म्हणाल्या, बरंच आहे, आम्हालाही दम लागतो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "प्रेमानं केलं सगळ्यांनी. तुला कळू नये म्हणून किती सांभाळलं."

प्रशांत स्टुलावर बसून राहिला. समोरच्या बाकांच्या रांगा रिकाम्या होत्या, पण त्यांवर बसणारी माणसं त्याला एकेक करून दिसत होती. उपासना संपल्यावर हात हातात घेऊन 'छान वाजवलंत' म्हणणारा निवृत्त कंपाउंडर, घरून केळी आणून देणारी म्हातारी, पुढच्या रांगेतली संडे स्कूलची पोरं. सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं प्रत्येक महिन्याला तो साताऱ्याहून यायचा, आपला हात बरा होतो म्हणून यायचा, आणि सगळं चर्च श्वास लांबवून त्याची वाट बघत गायचं. आणि तो त्या बाकावर बसला होता. त्या क्रुसाकडं बघत. काय म्हणायचं ते माहीत नसताना. त्याच्या अंगावर ऊन सांडल्यासारखी शरम पसरली, कानांपर्यंत. तो दिवस जर शांतवननं पाहिला असेल तर? दारातून, पडद्याआडून? त्यानं विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

"मला वाटलं हुतं..." एवढं म्हणून तो थांबला. पुढचं वाक्य शांतवनला द्यायचं नाही, एवढं एक त्याच्या ताब्यात उरलं होतं.

"काय वाटलं होतं?"

"काय न्हाई." मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आता खऱ्या लयीत वाजव."

"प्रशांत..."

"मी वाजवत नाही. ऐकतो. तू वाजव."

शांतवननं हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले आणि वाजवलं. गाणं सुटलं तसं सुटलं. दोन वर्षं दाबून धरलेलं काहीतरी त्याच्याही बोटांतून निघालं असावं, कारण पहिल्या फेरीतच त्याची पाठ सरळ झाली, खांदे हलू लागले, आणि तो विसरला, की कुणी ऐकतंय, की कुणासाठी थांबायचंय. प्रशांत स्टिक मांडीवर ठेवून ऐकत होता. ओळ एका श्वासात बसली. मोकळी मात्रा आली आणि गेली. त्याला वाटलं होतं की ड्रमशिवाय हे गाणं पोकळ वाटेल, कुठंतरी टेकू शोधेल. तसं काही झालं नाही. गाणं सुंदर होतं, आणि पुरं होतं. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं.

शेवटचा सूर विरल्यावर शांतवन मागं वळला. त्याचे डोळे ओले होते, वाजवल्यामुळं किंवा दुसऱ्या कशामुळं. "रविवारी येशील ना?" त्यानं विचारलं. "ये. जसा वाजवशील तसा वाजव. हवं तर खऱ्या लयीत वाजव, चुकलं तर चुकलं."

"नाही येणार."

"मग कधी?"

प्रशांत उठला आणि सिंबल काढू लागला. सेट चर्चचा होता, पण सिंबल त्याच्या स्वतःच्या, जहाजावरच्या पगारातून घेतलेल्या. त्या तो कायम इथंच ठेवायचा. सिंबलच्या मधोमध दोन कानांचा नट असतो, तो एका हातानं स्टँड धरून दुसऱ्या हातानं फिरवायचा. त्यानं सवयीनं नटाला डावा हात लावला. बोटं नटावरून सरकली. पुन्हा लावला, पुन्हा सरकली. गंजलेला नट होता, पुरानंतर कुणी तेल दिलं नव्हतं. ऑर्गनचं बाक मागं सरकल्याचा आवाज आला. शांतवन उठून दोन पावलं पुढं आला होता, हात पुढं केलेला, चेहऱ्यावर तीच ती माया.

"बस खाली," प्रशांत म्हणाला.

"अरे, मी फक्त..."

"बस म्हणलं ना. तिथनं बघ."

शांतवन बसला. प्रशांतनं स्टँड छातीशी घेतला, डाव्या कोपरात आवळून धरला, गुडघ्यानं खालून टेकू दिला आणि उजव्या हातानं नट फिरवू लागला. स्टँड दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं हनुवटीनंही दाबून धरलं. नट करकरला, अर्धा फेरा फिरला, पुन्हा अडकला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्याच्याकडं हात मोकळा नव्हता. फार वेळ लागला. त्या सगळ्या वेळात एक माणूस समोर बसून ते बघत होता आणि त्याला काहीही करता येत नव्हतं.